सिंगल फेज

नव्या पेठेतल्या दुकानात तीन वेळा जाऊन आलो.
पहिल्यांदा नुसता भाव विचारला.
दुसऱ्यांदा मशीन उचलून पाहिलं.
तिसऱ्यांदा इरण्णा गल्ल्यावरूनच ओरडला,
"घेणार हैस का बे, का पोरगी बघालास?"

खाली फरशीवर ऐंशी किलोचा ट्रान्सफॉर्मर,
तांब्याच्या गुंडाळीचा, तेल प्यायलेला,
उन्हातून येऊन बसलेल्या म्हशीसारखा.
ऊन, धूळ, उंदीर, कशालाच काही म्हणत नाही.
फक्त दोन फेज मागतो.

वर फळीवर पिवळा इन्व्हर्टर. पाच किलो.
खांद्याला पट्टा अडकवून लग्नाला नेता येईल.
दोनशे अँपिअर, असं त्याच्या अंगावर लिहिलंय.
लिहिलंय.

आमच्या विडी घरकुलात घरोघरी एकच फेज.
रात्री आठला सगळे पंखे फिरू लागले
की एकशे सत्तर व्होल्ट उरतात,
ट्यूब डोळे मिचकावते,
मिक्सर घसा बसल्यासारखा बोलतो.
त्यातून दोनशे अँपिअर कोण काढणार?

पण मला दोनशे कशाला हवेत?
खिडकीची जाळी, पाळण्याचे पाय, गच्चीचा जिना.
बारा नंबरच्या रॉडला ऐंशी पुरतात.
हा हिशेब मी सिटी बसच्या तिकिटामागे केला,
दोनदा केला, दोन्ही वेळा जमला,
तरी म्हशीकडं मान वळतच होती.

बावीस वर्षं जॉबर होतो मी.
माग आवाजावरून ओळखायचो,
कुठला बोल्ट सैल, कुठला धोटा रडतोय.
कारखाना विकला तेव्हा माग किलोवर गेले.
बिडाच्या बाजू घणानं फोडल्या टेम्पोत मावाव्यात म्हणून.
बिडाला साधा रॉड धरत नाही.
धरला तरी थंड होताना टच्चकन तडकतं,
शेजारूनच.
हिशेबाचे अठरा हजार मिळाले. तेच हे.

मेकॅनिक चौकात गफूर उस्तादांकडं गेलो.
ते हल्ली दुकानाच्या पायरीवर बसतात
आणि रिक्षा आवाजावरून ओळखतात.
तरुणपणी काच न धरता टाके मारायचे,
रात्री डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या,
सकाळी पुन्हा टाके.
म्हणाले, "मशीन कुठलंबी घे बेटा.
काच बघून घे."
आणि माझ्या डाव्या खांद्याकडं बघत हसले,
मी उजवीकडं उभा होतो.

घरी राजमणी सूप मांडीवर घेऊन बसलेली,
पान, तंबाखू, दोरा, पान, तंबाखू, दोरा.
मी अँपिअर सांगितले, वॉरंटी सांगितली,
वर न बघता तिनं विचारलं,
"ठिणग्या कुठं पडणार?"

तीन चकरांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.
सुपात वाळलेली पानं, कोपऱ्यात पोतं,
दाराला तिच्याच जुन्या साडीचा पडदा.
मी उठलो. टेपनं मोजलं.
मीटरपासून मोरीमागच्या पत्र्यापर्यंत
साडेनऊ मीटर.

शेवटी पिवळंच घेतलं.
केबल मात्र अस्सल तांब्याची, दहा मीटर,
तिच्यावर इरण्णाशी अर्धा तास भांडलो.
अर्थिंगचा खड्डा स्वतः खणला, मीठ-कोळसा घातला.
हातमोजे. वाळूची बादली.
आणि काचा दोन:
एक हातात धरायची साधी,
एक आपोआप काळी होणारी, डोक्यात घालायची.
इरण्णा म्हणाला, "डोकी किती हैत बे तुला?"

पहिला रॉड चिकटला.
दुसराही.
शेजारच्या कोडमांची सिरीयल थांबली
आणि भिंतीपलीकडून तेलुगूत माझ्या सात पिढ्या निघाल्या.

तिसऱ्याला राजमणी मागं येऊन उभी राहिली.
टोपी तिच्या डोक्यात मीच घातली, पट्टा आवळला.
मी हातातली काच धरली,
माचिस ओढावी तसा रॉड ओढला.

"काय दिसतंय?"
"समदं हिरवं."
"आन मधी?"
बराच वेळ ती काही बोलली नाही.
"मधी थेंब हाय," म्हणाली, "चालालाय."

मग टोपी काढून पाळण्याच्या पायावर ठेवली,
पदराला लागलेली तंबाखू झटकली.
तिच्या अजून तीनशे विड्या राहिल्या होत्या.