बॉयलर-खोलीची किल्ली

सासऱ्यांच्या गळ्यात अजून ती किल्ली असते,
शाळेमागच्या बॉयलर-खोलीची.
कुलूप कधीच कुणीतरी काढून नेलं,
दारही नेलं. लाकूड होतं ना ते.

आधी ओशहून ट्रक यायचे.
घाटांतून दोन दिवस हेलकावत आलेला कोळसा
धुळीनं पांढरा होऊन उतरायचा,
ओरोझाली फावडं मारायचे, आणि पलीकडे
एकशे चाळीस पोरं कोट काढून
गुणाकार करायची.
मग देश संपला.
म्हणजे नेमकं काय झालं, ते मॉस्कोत कुणाला ठाऊक असेल.
मुरगाबात ट्रक यायचे थांबले.

भिंतीवरचा रेडिएटर तसाच आहे,
अकरा बरगड्यांचा, हिरव्या रंगाचा.
मी अजून त्यावर ओले मोजे टाकते.
सकाळी ते पायांशिवाय उभे असतात.

शेणाचं मला विचारा.
याकची गोवरी हलकी, चटकन पेटते, चटकन विसरते.
मेंढवाड्यातलं, खुरांनी तुडवून दगड झालेलं शेण
मे महिन्यात कुदळीनं विटांसारखं काढायचं,
ते खरं. ते पहाटेपर्यंत धग धरतं.
सासरी पाठवताना आईनं दोनच गोष्टी सांगितल्या:
विस्तव विझू देऊ नकोस,
आणि शेजारणीच्या ढिगाकडे बघू नकोस.
दुसरी मला कधी जमली नाही.

उरतं ते तेरेस्केन.
वर वीतभर राखाडी झुडूप, खाली हातभर मूळ.
अंगठ्याएवढं जाड व्हायला त्याला माझं अख्खं वय लागतं
आणि जळायला, चहा उकळेपर्यंतचा वेळ.
पहिल्या वर्षी ते घरामागेच मिळायचं.
मग टेकडीपलीकडे.
आता बोलोत गाढव घेऊन अंधारात निघतो,
अंधारात परततो,
आणि उपटलेल्या खड्ड्यांतली माती
वारा आणून टाकतो आमच्याच उंबऱ्यात,
उधारी फेडावी तशी.

सासरे रोज सकाळी बॉयलर-खोलीत जायचे.
तोच निळा डगला, तीच टोपी, कामावर निघाल्यासारखे.
बोलोत म्हणायचा, जाऊ दे,
म्हाताऱ्या माणसाला कुठेतरी जायला हवं.
मी कधी मागे गेले नाही.

जानेवारीत आयझिरेकला खोकला लागला.
बाहेर उणे बेचाळीस,
काचेवर आतल्या बाजूनं बोटभर बर्फ.
तिसऱ्या रात्री विटा संपल्या.
मी पाळण्याच्या लाकडाकडे पाहत होते
आणि बोलोत माझ्याकडे.
दोघंही बोललो नाही.

तेव्हा सासरे पोतं ओढत आत आले.

मुठीएवढे काळे गोळे.
सहा हिवाळे फरशीच्या भेगांतून,
जुन्या राखेतून, भिंतीच्या सांध्यांतून
चमच्यानं खरवडलेली कोळशाची भुकटी,
शेणपाण्यात मळलेली, कणीक मळावी तशी,
आणि प्रत्येक गोळ्यावर बोटांचे ठसे.
"शाळेसाठी होते," म्हणाले,
चोरी पकडली गेल्यासारखे.
"ट्रक आले असते, तर पहिली आग
कशानं लावायची?"

गोळे नऊ रात्री पुरले.
मोजून घातले मी, एकेक, चिमट्यानं,
आणि प्रत्येक वेळी झाकण लावताना
त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

दहाव्या दिवशी पोरगी उठून बसली,
आजोबांचा झिजून अर्धा झालेला चमचा घेऊन
रेडिएटरच्या बरगड्या वाजवायला लागली.
एक, दोन, अकरापर्यंत.
परत एक.

सासऱ्यांनी मान तिरकी करून ऐकलं.
किल्लीवर हात गेला.
"पोकळ वाजतोय," म्हणाले.
"म्हणजे पाणी गोठायच्या आधीच
मी सगळं सोडून दिलं होतं.
फुटलेला नाही तो."