गुणिले चार

वालपाराइसोच्या ट्रॉलीबस शेडमध्ये
बाबांच्या टेबलावर एक जुना व्होल्टमीटर होता.
तबकडी दीडशेपर्यंतच,
आणि बाहेर रस्त्यावरची तार सहाशेची.

“थेट लावलास तर सुई टोकाच्या खिळ्यावर आपटेल,
मग वाकडी ती वाकडीच.”

माझ्या वहीच्या मागच्या पानावर त्यांनी हिशेब मांडला:
मीटरचा आतला रोध दीड लाख ओहम.
चौपट मोजायचं, तर बाहेरून तिप्पट रोध, एकसर.
तिप्पट का? चौपट का नाही?
“एक वाटा मीटर स्वतः उचलतो की.
अगदीच ऐतखाऊ नाही तो.”

दीड-दीड लाखाचे तीन रोधक,
एकाला एक डाग देऊन जोडलेले,
बेकेलाइटच्या नळीत सरकवले,
तोंडं डांबरानं बुजवली.
नळीला ना काच, ना आकडे, ना सुई.
साडेचारशे तिच्यात मुकाट जिरायचे
आणि काचेवर दिसायचे दीडशे.
आईचं अक्षर चांगलं, म्हणून चिठ्ठी तिनं लिहिली:
गुणिले चार.

एकदा ती चिठ्ठी गळून पडली.
नवा पोरगा निबाल्दो म्हणाला, एकशे अठ्ठेचाळीस, एवढंच ना?
आणि हातमोजा काढायला लागला.
बाबा असे ओरडले
की जेवणाच्या सुट्टीतली माणसं धावत आली.
संध्याकाळी आईनं नवी चिठ्ठी लिहिली,
या वेळी शाई जाड.

संपाच्या वर्षी पगार नव्हता.
टेकडीवरच्या आमच्या घरात
रात्री उशिरापर्यंत शिलाई मशीन चालायचं.
वाण्याशी आई बोलायची, घरमालकाशी आई,
आत्याच्या नवऱ्याशीही आईच.
बाबांना कुणी विचारलं तर म्हणायचे,
“तसं ठीक चाललंय.”
खोटं नव्हतं ते.
त्यांच्या काचेवर तेवढंच दिसत होतं.
नळीला हात लावून पाहावं,
ती कोमट लागते का,
हे मलाही सुचलं नाही.

ऑगस्टमध्ये ओतिलिया पोब्लेते गेली.
दफनाला बाबा ताठ उभे होते,
सगळ्यांशी हात मिळवत.

नवव्या दिवशी पाण्याचं बिल आलं.
रक्कम फार नव्हती.
कुठे भरतात, कोणत्या खिडकीवर,
ते त्यांना माहीत नव्हतं.
स्वयंपाकघराच्या फरशीवर बसले
आणि त्या कागदाकडे पाहत
सबंध अंगानं थरथरायला लागले.

मी दाराशीच थांबले.
किती मोठं आहे हे,
मनातल्या मनात गुणून पाहिलं,
जमेना.

मग बिल त्यांच्या हातातून काढून घेतलं,
त्यांच्या शेजारी बसले,
भिंतीला पाठ लावून,
एकसर.