प्रतिपिंड

नळीवर नाव नसतं, आकडा असतो.
म्हणून इथे तिला मी मालन म्हणते.
भोसरीत, पीएमटी चौकामागच्या बोळात
तिचं मशीन: ब्लाउज, फॉल-पिको, कंपनीवाल्यांचे युनिफॉर्म.
दर सहा महिन्यांनी येते, बाही वर सारते,
म्हणते, "डाव्या हाताचं घ्या. उजवा कात्रीचा."

बावीस वर्षं.
त्यातली पहिली चौदा गोळीशिवाय,
आणि तरी विषाणूची मोजणी
कधी दीडशे, कधी मोजताच न येण्याइतकी.
डॉक्टर उपासनी चष्मा कपाळावर नेऊन
तिचा कागद दोनदा वाचायचे.

मला जमेल तसं सांगते मी, कापूस दाबून धरताना.
तो साखरेचा झगा घालून हिंडतो,
साखरही आपलीच, आपल्याच पेशींनी दिलेली,
पहाऱ्यावरच्याला वाटतं, हा तर घरचा.
ओळख पटेस्तोवर झगा बदललेला.
"म्हणजे माप घेतलं की गिऱ्हाईक बारीक होतंय," मालन म्हणाली.
हो. बहुतेकांची प्रतिपिंडं
मागच्या महिन्याच्या मापावर शिवत बसतात.

तुमच्या रक्तात काही अशी आहेत
जी झग्याकडे बघतच नाहीत.
पेशीला धरायला त्याला जी एक जागा लागते,
जी फार बदलली तर त्याचंच अडेल,
नेमकी तिथे जाऊन बसतात.
आणि दुसरी काही, अडवत नाहीत, मारत नाहीत,
बाधलेल्या पेशीवर नुसती खूण करून ठेवतात.
मारणाऱ्या पेशी मागून येतात, खूण बघून.

"मग तसंच की. लग्नानंतर पाच वर्षं
खडू माझा, कात्री सासऱ्यांची.
मी आखायचं, त्यांनी बेतायचं."

तिचं रक्तजल मी पातळ करत जाते:
एकाला वीस, एकाला ऐंशी, एकाला सहाशे चाळीस.
शहाण्णव खड्ड्यांची थाळी, प्रत्येकात पेशी, प्रत्येकात तो.
आत शिरला की पेशी उजळते.
इथे उजेड म्हणजे हरलो.
त्या दिवशी बाकीच्या ओळी दिवाळीसारख्या पेटल्या,
तिची शेवटपर्यंत अंधारी.
मी एकटीच होते. एसीचा आवाज होता.

संपवत मात्र नाहीत ती त्याला.
आठवण ठेवणाऱ्या पेशींत तो झोपून राहतो,
आणि झोपलेल्यावर खूण करता येत नाही.
म्हणून आता रात्री नऊला गोळी, न चुकता.

"मग चाचणी निगेटिव्ह कधी यायची?"
कधीच नाही, म्हटलं. ती चाचणी त्याला शोधत नाही.
प्रतिपिंडं शोधते.
मालन बराच वेळ कापसाच्या ठिपक्याकडे बघत राहिली.
"म्हणजे सासूनं ताट वेगळं काढलं
ते ह्यांच्यामुळं होय. राखलं ज्यांनी, त्यांच्यामुळं."

मग आपणहून बोलली.
ओंकारेश्वराच्या घाटावर, नवऱ्याचा दहावा,
भाताचा पिंड ठेवलेला, दुपार टळली तरी कावळा येईना.
दीर म्हणाला, बघा, तिच्यात काय आहे ते त्यालाही कळतंय.
"कापड शिवायचं, पिंडाला कावळा शिवायचा,
शब्द एकच बघा बाई.
त्या वर्षी मला तेवढं कुणी शिवत नव्हतं."

मी हातमोजे काढले. हे लिहिण्यासारखं नाही,
पण काढले, आणि पट्टी नुसत्या बोटांनी लावली.

दारापाशी थांबली ती. माझ्या ॲप्रनची काख उसवलेली.
पिशवीतून निळा खडू काढून
उसवल्या जागेवरून एक रेघ ओढली, सरळ,
"शनिवारी टाका माझ्याकडं. दहा मिनिटांचं काम."

प्रयोगशाळेतला ॲप्रन बाहेर न्यायला परवानगी नाही.
शनिवार येऊन गेला.
रेघ आहे तिथेच आहे.