रोजच्यासाठी

तिबिलिसीच्या कोरड्या पुलावर गुराम
आपल्या गंजक्या लाडा मोटारीच्या बॉनेटवर
कॅमेरे मांडतो, वांगी मांडावीत तसे:
काळे, चकचकीत, एखादा पोचा आलेला.

"कशाला हवा, लामारा? लग्नाबिग्नाला?"
"रोजच्यासाठी."
तो हसला. रोजचं काय बघायचं असतं?

भुयारी रेल्वेच्या सरकत्या जिन्यापाशी, पार तळाला,
मी काचेच्या खोक्यात बसते, एक दिवसाआड बारा तास.
माणसं वर दिसतात तेव्हा बोटाएवढी,
माझ्यापाशी पोचेतो पुऱ्या मापाची होतात
आणि न बघता निघून जातात.
एकवीस वर्षं.
रोज मरे त्याला कोण रडे, म्हणतात.
रोज उतरे त्याला कोण बघे?
मी बघते.

कीव उचलला. तराजूतल्या मापासारखा जड.
बोट नेमकं छोट्या खिडकीवर येतं
आणि ती झाकली की अंतर कळेनासं होतं.
"बोटं दुमडून धरायची. सवय होते."
माझ्या बोटांना आहेत त्या सवयी पुरे,
सकाळी त्या आधी उठतात, मग मी.

झोर्की देखणा. पण त्याची अट आहे:
आधी चाप ओढा, मगच वेगाची चकती फिरवा,
उलट केलंत तर आतलं काहीतरी कायमचं रुसतं.
असा एक माणूस माझ्या घरात राहून गेलाय.

जपानी सडपातळ, कोटाच्या खिशात मावेल असा.
प्रकाशाचा काटा मेलेला,
त्याची बॅटरी म्हणे आता कुठे बनत नाही.
"काट्याशिवाय चालतो की!"
"मग तीनशे लारी कशाचे? काट्याच्या सुतकाचे?"

राहिला फेड.
एका कोपऱ्यात कातडं सुटलेलं,
तळाशी कोरलेलं: एलिझबार यांस,
रेशीम कारखान्यातील पंचवीस वर्षांच्या सेवेबद्दल.
आडनाव कोणीतरी कानशीने घासून काढलेलं.
विकायला आणताना लाजला असेल,
तो, किंवा त्याचा मुलगा.

डोळ्याला लावला. मधल्या पिवळट ठिपक्यात
दोन गुराम, जरा अंतर राखून,
एकदमच नाक पुसत होते.
कडं फिरवलं.
एक हळूहळू दुसऱ्याच्या अंगात शिरला
आणि थंडीत उभा एकच म्हातारा उरला,
घाईघाईने कॉलर सारखी करणारा.
खट्.
"आलो का मी?"
"आत रीळ कुठेय?"
"नसू दे. आलो का?"
"आलास."

तेव्हा कुठे त्याने सांगितलं:
बहिणीच्या लग्नात छत्तीसच्या छत्तीस फोटो
भिंगाचं झाकण न काढताच घेतले होते.
खिडकीतून सगळं लख्ख दिसत होतं ना,
नवरी, मेजवानी, टेबलावर चढलेला मामा.
ज्यातून आपण बघतो ते टिपत नाही,
जे टिपतं त्यातून बघता येत नाही.
"बहीण अजून बोलत नाही. झाकण हरवून टाक."

माझ्या भुयारातला अंधार त्याला ठाऊक होता,
म्हणून झोर्कीचं उजेडाचं भिंग काढून
फेडला पिळून दिलं. बसलं मुकाट्याने.
ऐंशी आता, चाळीस पगार झाल्यावर.

पहिलं रीळ धुऊन आलंय.
वरच्या साहेबाने पाहिलं तर नोकरी जाईल,
म्हणून पिठाच्या डब्यात ठेवलंय.
बरेचसे हललेले, दोन नुसता माझा अंगठा.
एकात जिन्यावरचा माणूस, मानेपासून वर कापलेला,
खिडकी आणि भिंग यांचं तेवढं पटलं नाही.
पण त्याच्या पिशवीतून डोकावणारी कांद्याची पात
अशी स्वच्छ आली आहे
की मी चष्मा लावून मोजली.
सतरा.
एक मोडलेली.