लाडोबाने लावलेले नंबर

हुसेन मुकादम बोटीवरून सुटीला आला तेव्हा
ट्रंकेत साबणाच्या वड्या, एक घडीची छत्री
आणि तळाशी चित्रांची अकरा पुस्तकं,
त्याच्या जन्माच्याही आधीची,
कुठल्याशा बंदरात किलोवर घेतलेली.
सहांना कव्हर नव्हतं.
इंग्रजी आम्हाला येत नव्हतं, त्यालाही बेताचंच,
म्हणून वीरांची नावं आम्हीच ठेवली
आणि कपड्यांचे नंबर लावायला
पुस्तकं नेली लाडोबा रेवणकराकडे,
वेंगुर्ल्यात, बंदराच्या रस्त्यावर,
जिथे शाळा सुटल्यावर मी काजं करायचो,
डझनाला चार आणे.

लाडोबाने कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला.
गिऱ्हाईक तपासावं तशी पानं उलटली:
आधी खांदे, मग काख,
तोंडाकडे शेवटी, तेही उधारी असली तर.

बावटेवाला सरळ नापास.
"बरगडीर पट्टो जुळणा नाय.
कापड वाचवल्यान मेल्यान."

घार हा माझा पहिला नंबर होता.
सोनेरी झगा टाचेपर्यंत, आतून लाल अस्तर,
ढगातून जाताना मागे हातभर फडफडणारा.
लाडोबा काही बोलला नाही.
पडद्याचं कापड माझ्या गळ्यात बांधलं
आणि म्हणाला, धक्क्यापर्यंत धावून ये.
गेलो.
वाऱ्याने कापड तोंडावर आणलं,
मी वाळत घातलेल्या बांगड्यांवर पडलो,
आणि जयवंती गाबतिणीने
माझ्या तीन पिढ्या उभ्या धुतल्या.
परत आलो तोवर घार चौथी झाली होती.

खवलेवाला दुसरा.
अंगभर हिरवे खवले, सरंग्याला नसतील इतके,
आणि एकही दुसऱ्यासारखा नाही.
लाडोबाने एका बाहीवरचे मोजले, एकशेबारा.
"हेका मजुरी कोणी दिल्यान?"
कुणालाच माहीत नव्हतं.

तिसरा कोण, यावर आमचं अजून जमत नाही.
हुसेन म्हणतो डबीवाला,
ज्याच्या कंबरपट्ट्याला नऊ डब्या होत्या,
कारण "खिसो खय आसा?" हा लाडोबाचा
सगळ्यांना एकच प्रश्न,
आणि उत्तर त्या एकाकडेच होतं.
मला आठवते ती घुबडीण.
लाडोबाने तिचं पान घाईने उलटलं,
मग परत येऊन कंबरेच्या चुण्या मोजल्या.
दोनदा.

चड्डी वरून का घालतात, हे मी विचारलं
तेव्हा तो सुईत दोरा ओवत होता.
"धयकाल्यातलो राजा
बायलेचा लुगडा नेसून लढता.
तेका कोण हसता?"

पहिला नंबर कव्हर नसलेल्या पुस्तकातून निघाला.
बारकासा माणूस, लाल बंडी, डोळ्यांवर रुमाल.
आम्ही त्याला नावसुद्धा दिलं नव्हतं.
छपाई हललेली,
लाल रंग काळ्या रेषेत न बसता
खांद्यावरून, काखेतून, दंडावरून
सूतभर बाहेर आलेला.
मशीनची चूक, हुसेन म्हणाला.
लाडोबाने ती कड अंगठ्याच्या नखाने मापली.
"चूक खयची? माया सोडल्यान हा."

उद्या अंग भरलं, दंड सुटला,
किंवा बंडी पोराला द्यायची वेळ आली
तर उसवून घेता येईल एवढी.
"बाकीच्यांनी आंगाबरोबर कापल्यानी.
ह्येणा इचार केल्यान."

हुसेनला ते पटलं नाही. अजूनही पटत नाही,
मस्कतहून फोन केला की काढतोच.

खिसा मात्र त्या बंडीलाही नव्हता.
लाडोबाने कानामागची पेन्सिल काढली,
टोक जिभेला लावलं
आणि डाव्या बाजूला एक काढून दिला,
तिरका, झाकणाचा,
विडीचं बंडल मावेल एवढा.