पान सात

बुधवारी रात्री भवानी पेठेतल्या छापखान्यात
शाईचा वास आमच्याआधी पोचलेला असायचा.
साप्ताहिक ‘पाचर’. सोळा पानं, दोन रुपये,
खप सांगायचो त्याच्या निम्मा.
मी मुद्रितं तपासायचे, म्हणजे
दुसऱ्यांच्या रागातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचे.

पान तीन बिडकरांचं. महापालिका.
सभेला ते चपला दाराबाहेर काढून बसत
आणि परत येऊन लिहीत
कुणाच्या मेहुण्याला कुठला नाला मिळाला.
पान सात हमीदा तांबोळीचं. नाटक, चित्रं, गाणं.
अकरा प्रेक्षकांच्या प्रयोगावर ती अकराशे शब्द लिही,
एक जरी कापला तरी
आठवडाभर चहा वेगळा घेई.

बिडकर म्हणत, शहर विकलं जातंय
आणि तुम्ही लिहा प्रकाशयोजनेवर.
ती म्हणे, विकणारा दिसायला
उजेड कुठून येतोय ते कळावं लागतं.
मग दोघंही माझ्याकडे बघत.
मी अनुस्वार बघत असे.

एका मंगळवारी
ती नारायण पेठेतल्या एका सभागृहावर गेली.
नवी मुलं, अजून नावही न ठरलेलं नाटक.
दाराला कुलूप. ‘दुरुस्तीसाठी बंद.’
पायऱ्यांवर ट्रंका, ट्रंकांवर नट.
एकाच्या अंगात हवालदाराचे कपडे होते.
जाणाऱ्या एका गृहस्थांनी थांबून त्याच्याकडे
फाटकासमोर लावलेल्या स्कूटरची तक्रार केली,
आणि त्यानं ती नीट लिहून घेतली, नंबरासकट.

हमीदानं परीक्षण दिलं ते असं:
‘प्रयोग सातचा होता. कुलूप वेळेवर आलं.
कुलूपाचं काम संयत, आवाज कुठेही चढला नाही.
प्रेक्षक सतरा. मध्यंतर झालं नाही,
म्हणून कोणी उठून जाऊ शकलं नाही.’

बिडकरांनी ते उभ्यानंच वाचलं,
पेन्सिल कानावर तशीच.
मग पिशवीतून एक ठराव काढला,
तीन आठवडे जुना, वाहनतळाचा, पाच मजली.
सर्व्हे नंबर तोच.
‘माझी बातमी हिच्या खाली लावा,’ म्हणाले,
‘सातवर.’
रिकाम्या पान तीनवर आम्ही
चष्म्याच्या दुकानाची जाहिरात ताणून बसवली.

पत्रं आली बारा.
नऊ पत्रांत लिहिलं होतं:
‘कुलुपाचं’ मधला लु ऱ्हस्व हवा.
चूक माझी होती. अजून आहे.

वाहनतळ झाला. त्याला दुरुस्ती लागत नाही.
चष्मेवाला मोठ्या दैनिकाकडे गेला,
त्याच्या मागोमाग आमचा कागदही संपला.
हमीदा सोलापूरला, भावाकडे.
बिडकर एका मे महिन्यात गेले;
ती बातमी कुठल्याच पानावर नव्हती.

त्यानंतर दोन वर्षांनी माझ्या पत्त्यावर मनिऑर्डर.
गणपुले, सहकारनगर. वार्षिक वर्गणी, शंभर रुपये.
संदेशाच्या जागेत बारीक अक्षर:
‘अंक येत नाहीत. पोस्टाचा घोटाळा दिसतो.’

परत करायला हवे होते पैसे.
पोस्टमन घाईत होता, मी सही केली.

तेव्हापासून दर बुधवारी एक कार्ड लिहिते.
कुठे काय पाहिलं, किती जण होते,
दिवे कुणी दिले आणि कुणी दिले नाहीत.
टाकण्याआधी दोनदा वाचते.

आठव्या कार्डाला उत्तर आलं:
‘पान सात मिळालं. पान तीन कुठे आहे?’

परवा महापालिकेच्या सभेला गेले.
जिना चढले, चपला दाराबाहेर काढल्या.
शिपाई म्हणाला, असू द्या, बाई,
इथे कोणी काढत नाही.