काळी चार, जरा चढी

कुपवाडच्या एमआयडीसीत, शेवटच्या गल्लीत,
हळदीच्या गिरणीला पाठ लावून आमची टेस्ट शेड.
हवेच्या फिल्टरवर दर आठवड्याला पिवळा थर बसतो,
तो झटकून मी आत जाते,
एका ज्योतीला उपाशी ठेवायला.

पिवळा जाळ सुखवस्तू.
भरल्या ताटावर बसतो, दोन हजार अंशांवर चढतो,
आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेल्या नायट्रोजनला
हाताला धरून ऑक्सिजनशी बळेच लग्न लावतो.
जोडपं चिमणीतून निघतं
आणि कुणाच्या तरी पोराच्या छातीत बिऱ्हाड करतं.

म्हणून गॅस थोडा, हवा गरजेच्या दुप्पट,
आणि पेटण्याआधीच दोघांची मिसळण.
आठ पाती, पंचेचाळीस अंशांत वळलेली,
नजीर मुजावरांनी हाताने घासलेली.
पंधराशेच्या फार वर गेलं की नायट्रोजन जागा होतो,
फार खाली आलं की कार्बन अर्धाकच्चा राहतो.
मधली वाट बांधाएवढी.
त्यावर फुंकर जरा जास्त झाली
की ज्योत विझते, सांगूनही जात नाही.

मार्चमध्ये ती त्या बांधावर उभी राहिली.
उभी राहिली आणि घुमू लागली.
आधी मांजरीसारखी, मग दार हलवणारी,
अकराव्या मिनिटाला लाइनरला तडा,
वीतभर, अगदी सरळ.
“उपाशी पोट गुरगुरणारच की, ताई,”
नजीरचाचा पकड खाली ठेवत म्हणाले.

त्यांचे साडू इलाहीभाई, मिरजेत तंबोरे करतात.
दुकानात लाखेचा वास, माळ्यावर भोपळे,
उलटे, पालथे, काही अजून हिरवट.
मी मोबाइलवर आवाज लावला.
त्यांनी तो कानाशी धरला, बोटांना रंग तसाच.
“काळी चार. पण जरा चढी.”
दोनशे बारा हर्ट्झ.
आमच्या संगणकाला दोन दिवस लागले होते.

“कुठलं वाद्य?”
“जाळ आहे.”
ते हसले नाहीत.
उठून एकेका भोपळ्यावर टिचकी मारत गेले,
एकाशी थांबले.
“पोट एवढं, मान एवढी. सूर तिथं ठरतो.
आम्ही लावतो आवाज वाढावा म्हणून.”
“मला तो गिळायचाय.”
“मग तोंड त्याच्याकडं कर,” म्हणाले,
आणि चहा सांगितला.

नारळाएवढं पोट, करंगळीएवढी मान,
स्टेनलेसचे सहा नग लाइनरभोवती बसवले.
ड्रॉइंगवर मी ‘रेझोनेटर’ लिहिलं,
चाचांनी स्टोअरच्या चिठ्ठीवर ‘भोपळे, नग ६’.
अकाउंट्समधून फोन आला,
कँटीनचं बिल चुकून इकडे आलंय का.

आणि शुक्रवारी, पावणेचारला,
क्वार्ट्झच्या काचेतून मी आत पाहिलं
तर काहीच नव्हतं.
मग दिसली. उन्हात विटलेल्या गोकर्णीसारखी,
असून नसल्यासारखी,
नायट्रोजनला झोपू देणारी.
मीटरवर दहा लाखांत नऊ.
चाचांनी केसिंगवर हातमोज्याचा पंजा ठेवला,
म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा.
थरथर नाही.
तेव्हा ध्यानात आलं,
भिंतीपलीकडची गिरणी ऐकू येतेय,
तिचा पट्टा, हमालांची हाक, कुणाची तरी शिंक.

हे इथं संपवलं असतं,
पण लोड साठ टक्क्यांवर आणला
की ती पुन्हा गुणगुणते. दुसराच सूर.
भोपळ्यांचा त्याच्याशी संबंध नाही.
मी वहीत तारीख घालते,
पात्यांचा कोन खोडते, पुन्हा लिहिते.
चाचा दारात जाऊन,
एका कानात बोट घालून,
मिरजेला फोन लावताहेत.